साली, फालसे आणि काडेचिराईत

व्हाइट लेडी या कॉकटेलला 30 मिली संत्र्याचं लिक्युअर लागतं, साइडकारला 20, मार्गारिटाला 20. एवढ्यासाठी कॉइन्त्रोची अख्खी बाटली घ्यायची, तीही इंदुरात शोधून, हे मला काही पटेना. आमच्याकडे 2022 पासून देशी आणि विदेशी एकाच काउंटरवर मिळते, वर ‘कम्पोजिट मदिरा दुकान’ अशी पाटी असते. व्हिस्कीच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असतात. लिक्युअर मागितलं की पोरगा मागच्या फळीवरून एक निळीशार बाटली काढतो, बाहीने धूळ पुसतो आणि म्हणतो, “यही है मैडम, सब में चलता है.” नवऱ्याचा मामेभाऊ दुबईहून येतो खरा, पण विमानाने येणाऱ्याला दोन लिटरच आणता येते आणि त्या दोन लिटरवर सगळ्या खानदानाचा डोळा असतो. त्यात माझ्या लिक्युअरचा नंबर कधी लागायचा?

म्हणून मग घरीच करायला घेतलं. भट्टीबिट्टी नाही हं, तो सरळ गुन्हा आहे. विकतची व्होडका नाहीतर रम घ्यायची, तिच्यात काहीतरी भिजवायचं, गाळायचं, साखर घालायची, एवढंच.

लिक्युअर म्हणजे शेवटी दारू, साखर आणि वास. युरोपच्या नियमाप्रमाणे लिक्युअर म्हणवून घ्यायला लिटरमागे निदान 100 ग्रॅम साखर लागते, नावात ‘क्रेम’ असेल तर 250, आणि क्रेम द कासीस असेल तर 400. एका लिक्युअरच्या बदली दुसरं काय चालेल याचे जे तक्ते इंटरनेटवर फिरतात ते फक्त वास बघतात. संत्र्याच्या जागी संत्रं, कॉफीच्या जागी कॉफी. पण कॉइन्त्रोमध्ये 40 टक्के अल्कोहोल असतं आणि दुकानातल्या स्वस्त ट्रिपल सेकमध्ये 15 ते 30. दोन्हींना संत्र्याचाच वास. ग्लासात गेल्यावर मात्र एक पेय ताठ उभं राहतं आणि दुसरं सरबत होतं.

संत्र्यापासूनच सुरुवात केली, कारण जानेवारी होता आणि आगर-माळव्याची संत्री ढिगाने आली होती. आपली संत्री सैल सालीची, सोलायला सोपी, पण ती मँडरिन जातीची. कॉइन्त्रोत कडू आणि गोड अशा दोन्ही संत्र्यांच्या साली असतात. संत्र्याच्या लिक्युअरच्या या सगळ्या कुळाचं मूळ जिथे सांगतात त्या कुरासाव बेटावर स्पॅनिश लोकांनी सेव्हिलची संत्री लावली होती. तिथल्या कोरड्या जमिनीत फळ इतकं कडू झालं की तोंडात धरवेना, पण सालीला वास भन्नाट आला. तो कडूपणा आपल्या संत्र्यात नाही. माझ्याकडे गणपतीतल्या पपनसाची वाळवलेली साल डब्यात पडून होती. तिचे नखाएवढे चार तुकडे घातले आणि कामच झालं.

साली सोलायला सासूबाईंची जुनी किसणी घेणार होते. त्यांनी ती हातातून काढून घेतली. “अगं, तिच्यावर मी देवाचं खोबरं किसते. तुझं तू बघ.” मग बटाटे सोलायचं सोलणं घेतलं, आणि ते जास्त बरं निघालं. किसणीने सालीखालचा पांढरा भागही येतो, सोलण्याने फक्त केशरी पापुद्रा निघतो. फळांना चकाकी यायला मेण लावलेलं असतं, तेव्हा आधी कोमट पाण्यात चोळून धुवायची. सहा संत्र्यांच्या साली 500 मिली व्होडकात, काचेच्या बरणीत, ओट्याखालच्या अंधाऱ्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी सालींचा रंग उतरलेला दिसतो आणि व्होडका गवती पिवळी होते. रोज चमचाभर चाखायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वासापेक्षा कडवटपणा पुढे यायला लागला की गाळायचं. आधी चहाच्या गाळणीतून, मग ओल्या मलमलीतून.

आता साखर. जिथे तिथे सांगितलेलं असतं की पाक करून घाला. हिशेब करून बघा. आपल्याकडची व्होडका 42.8 टक्के. तिच्या 500 मिलीमध्ये 250 मिली पाक घातला की सगळं मिळून 28.5 टक्के उरतं, म्हणजे घरबसल्या स्वस्त ट्रिपल सेकच झाली. त्याऐवजी 150 ग्रॅम साखर कोरडीच घातली तर घनफळ जेमतेम 90-95 मिलीने वाढतं आणि सुमारे 36 टक्के टिकतं. गोडवा लिटरमागे अडीचशे ग्रॅमच्या आसपास येतो. व्होडकात साखर विरघळायला कंटाळा करते. दोन दिवस येता-जाता बरणी हलवावी लागते. मिक्सरमधून काढलेली पिठीसाखर घेतली तर लवकर होतं, पण विकतच्या पिठीसाखरेत कॉर्नफ्लोअर असतं, ती घ्यायची नाही, सगळं गढूळ होतं.

दिराने प्रवासातून कॉइन्त्रोची 50 मिलीची चिमुकली बाटली आणली होती, ती याच दिवसासाठी राखून ठेवली होती. एकाच मापाच्या दोन व्हाइट लेडी केल्या: 40 जिन, 30 लिक्युअर, 20 लिंबू. लिंबू मात्र मी 15 वर आणलं, आपलं कागदी लिंबू तिकडच्या लेमनपेक्षा जास्त बोचरं. कॉइन्त्रोवाली कोरडी, टोकदार, जिभेवरून चटकन निघून जाणारी. माझी गोलसर, मऊ, वासाने संत्रा बर्फीच्या दिशेला झुकलेली. नवरा म्हणाला माझी चांगली आहे, पण तो घरात राहतो, त्याचं मत धरता येत नाही. जाऊबाई सरळ म्हणाल्या, “वहिनी, ही पोरांना पण देता येईल, इतकी गोड लागतेय.” गोडवा दोन्हींत जवळपास सारखा होता. फरक दारूच्या धारेचा होता. मग मापच हलवलं: जिन 45, लिक्युअर 25, लिंबू 15. लगेच कणा आला. पाककृतीतलं माप हे त्या ठरावीक बाटलीसाठी असतं, आपली बाटली वेगळी म्हटल्यावर माप तसंच ठेवण्यात काय अर्थ?

साइडकारमध्ये याच लिक्युअरला वेगळीच अडचण आली. तिथे 50 मिली कोन्याक, म्हणजे फ्रान्सची द्राक्षाची ब्रँडी, लागते. आपल्याकडची स्वस्त ब्रँडी बऱ्याचदा मळीच्या स्पिरिटवर बनते आणि ती स्वतःच गोडसर असते. गोडावर गोड चढलं. द्राक्षाची बरी ब्रँडी मिळाली तेव्हाच गाडी रुळावर आली. ती नसेल तर साइडकारच्या वाटेला जाऊ नये, व्हाइट लेडीच करावी.

कॉफीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते सोपं आहे. कालुआ मुळात रमवर बांधलेलं मेक्सिकोचं लिक्युअर, आणि आपल्याकडे ओल्ड मंक आहे, जिला आधीच व्हॅनिलाचा वास येतो. कॉफीच्या जाडसर भरडलेल्या बिया रमात रात्रभर ठेवा, सकाळी गाळा, साखर घाला. चिकोरीवाली पूड नको, तिने दाटपणा येतो पण चव मेणचट होते. गूळ घालून पाहिला. चव सुरेख लागली, मात्र तळाशी गाळ बसतो आणि दुधाबरोबर केलेल्या व्हाइट रशियनमध्ये तो दिसतो. एस्प्रेसो मार्टिनी 1980च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने केली. तिच्यावरचा फेस ताज्या एस्प्रेसोचा असतो, लिक्युअरचा नव्हे. आमच्या गॅसवरच्या मोका पॉटमधून तेवढा फेस येत नाही. दणकून शेक केलं तरी पातळ साय येते, तेवढ्यावर आम्ही खूश आहोत.

सगळ्यात निर्धास्तपणे बदली करता आली ती साझरॅकमध्ये. न्यू ऑर्लिन्सचं हे पेय म्हणजे बदल्यांचाच इतिहास आहे. आधी ते कोन्याकचं होतं. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, कोन्याक मिळेनाशी झाली आणि राय व्हिस्की आली. 1912 मध्ये अमेरिकेने त्यातल्या अ‍ॅबसिंथवर, म्हणजे बडीशेपेच्या वासाच्या कडक दारूवर, बंदी घातली, तेव्हा तिच्या जागी दुसरी बडीशेपी लिक्युअरं आली, आणि दारूबंदी उठल्यावर 1934 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्येच खास त्या जागेसाठी हर्बसेंट निघालं. त्यांनी केलं तर आपण का नाही? अ‍ॅबसिंथने फक्त ग्लास खंगाळायचा असतो, उरलेली ओतून द्यायची. इथल्या सियागंज बाजारातून बारीक हिरवी बडीशेप आणली, सोबत दोन चक्रीफुलं. दोन्हींत अ‍ॅनेथोल हे एकच सुगंधी तेल असतं, तेच अ‍ॅबसिंथमधल्या अ‍ॅनिसमध्ये. आठवडाभर व्होडकात भिजवलं. त्यात पाणी टाकलं की किंचित धुकं धरतं, कारण ते तेल दारूत विरघळतं पण पाण्यात नाही. साखर घातलीच नाही. ड्रॉपरच्या बाटलीत भरून ठेवलंय, बर्बन व्हिस्कीच्या साझरॅकला चार थेंब बास होतात. तोंडाला लावलं की आधी बडीशेपेचा वास येतो, जेवणानंतरच्या तबकातला नव्हे, जरा उग्र. बाहेरच्या माणसाला यात बदली आहे हे ओळखता येणार नाही, असं मी पैजेवर सांगते.

आणि मग नेग्रोनी.

नेग्रोनी म्हणजे जिन, गोड वर्मूथ (मसाल्यांची वाइन) आणि कंपारी हे लाल, कडू इटालियन लिक्युअर, तिन्ही 30-30 मिली. 1919 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये काउंट नेग्रोनीने आपल्या अमेरिकानोमध्ये (कंपारी, वर्मूथ आणि सोडा) सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली, असं म्हणतात. म्हणजे हीसुद्धा बदलीच. कंपारी 1860 पासून बनते आहे, तिचा नुस्खा गुप्त. तिचा तो लाल रंग कितीतरी वर्षं कोचिनील किड्यांचा होता, 2006 च्या सुमारास कंपनीने बहुतेक ठिकाणी तो बंद केला. मला खटकत होता तो कडूपणा. कशाने आणायचा?

माझ्याकडे अँगोस्तुरा बिटर्सची, म्हणजे थेंबांनी वापरायच्या कडू अर्काची, बाटली होती, तिच्या कागदावर जेन्शियनचा उल्लेख आहे. जेन्शियन ही युरोपातली डोंगराळ वनस्पती, तिची मुळी जगातल्या कितीतरी कडू दारूंमध्ये असते. तिचंच कूळ आपल्या काडेचिराइताचं! हे कळल्यावर राहवेना. सियागंजात काष्ठौषधींची दुकानं आहेत. तिथे ‘चिरायता’ म्हणून मागितलं, वीस रुपयांत पुडी मिळाली. तपकिरी, पोकळ, काटकुळ्या काड्या. वास जवळजवळ नाहीच, वाळल्या गवतासारखा. एक तुकडा जिभेवर ठेवून पाहिला आणि पुढचे दहा मिनिटं पाणीसुद्धा कडू लागलं.

पुडी ओट्यावर बघून सासूबाई धास्तावल्या. “कोणाला ताप आलाय?”

“कोणाला नाही, आई. दारूत घालायचंय.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट बरणी पुसायला घेतली. पण मूठभर काड्या बरणीत जाताना पाहून त्यांना गप्प बसवेना. “मूठभर काय घालतेस! दोन काड्या रात्री भिजवायच्या, सकाळी काढून टाकायच्या. आम्हाला चैत्रात अनशापोटी द्यायचे, तेव्हा एवढंच.” मी काड्या परत पुडीत टाकल्या. दोन ठेवल्या. सकाळी चाखलं तर 200 मिली व्होडका ठसठशीत कडू झालेली. मूठभर घातलं असतं तर पिताच आलं नसतं.

त्यात संत्र्याच्या सालीचा अर्क मिसळला, रंगाला लाल जास्वंदीच्या पाकळ्या, मग साखर. दिसायला देखणं. जास्वंदीचा रंग लिंबाच्या दोन थेंबांनी आणखी उघडतो. पण नेग्रोनी? कंपारीचा कडूपणा गोडाच्या हातात हात घालून येतो, थोडा वेळ थांबतो आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो. काडेचिराईत सुरुवातीला काहीच बोलत नाही. घोट खाली उतरला की घशाच्या मागे येऊन बसतं आणि उठत नाही. दुसऱ्या घोटाला त्याच्यावर आणखी एक थर. दिराने अर्धा ग्लास संपवला आणि प्रामाणिकपणे विचारलं, “वहिनी, हे रोज घ्यायचं का एक दिवसाआड?”

साखर वाढवली, काडेचिराईत अर्ध्यावर आणलं, थोडी दालचिनी घातली. औषध जरा चविष्ट झालं. शेवटी कंपारी विकत घेतली. साझरॅकमध्ये जे चार थेंब असतात तिथे जवळपास काहीही खपतं. व्हाइट लेडीत तिसरा हिस्सा असतो, तिथे माप हलवून जमवून घेता येतं, कारण संत्रं हे शेवटी संत्रंच आहे. नेग्रोनीतही वाटा तिसराच, पण तिथे ती बाटली म्हणजेच पेय. तिला बदली नाही. त्या काडेचिराइताच्या अर्काचं मी बिटर्स करून टाकलं. ओल्ड फॅशन्डमध्ये दोन थेंब, आणि तिथे ते फार उत्तम लागतं. वर्मूथबद्दल जाता जाता सांगते: ती वाइन आहे, उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवायची. आमच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली वर्मूथ महिन्याभरात शिळ्या मनुकांच्या पाण्यासारखी लागते आणि मग लोक कंपारीला नावं ठेवतात.

मेचा विषय निघालाच आहे तर फालसे. क्रेम द कासीस म्हणजे काळ्या करंटचं लिक्युअर. ते फळ इथे ताजं कधी बघितलेलं नाही. बहुतेक जण जांभूळ सुचवतात. जांभूळ घालून केलं, रंग अप्रतिम आला, पण त्याचा तुरटपणा पांढऱ्या वाइनला चावतो. फालसा मात्र आंबट, गडद आणि वासाने जरा फुलांकडे जाणारा. गाडीवाला काळं मीठ भुरभुरवून द्यायला निघतो, त्याला आधीच थांबवायचं. फळं हाताने नुसती चुरडायची, मिक्सर नको, बिया फुटल्या की कडवट होतं. दोन दिवस व्होडकात, मग पिळून गाळायचं. साखर कासीसच्या नियमाने, लिटरमागे 400 ग्रॅम. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लाँक या पांढऱ्या वाइनच्या 90 मिलीमध्ये हे 10 मिली घातलं की कीर तयार. हे पेय फ्रान्समधल्या दिजोंचे महापौर फेलिक्स कीर पाहुण्यांना देत असत, म्हणून त्यांचं नाव. तिकडे त्याला अलिगोते नावाची आंबटशार वाइन वापरतात, तेव्हा गुळमट वाइन घेऊ नका. फालशाची बाटली फ्रीजमध्येच टिकते आणि दिवाळीपर्यंत तिचा जांभळा रंग विटकरी व्हायला लागतो. आमच्याकडे ती दिवाळीपर्यंत उरतच नाही म्हणा.

बियांवरून एक गोष्ट निक्षून. आमारेत्तोचा कडू बदामाचा वास घरी आणायला खुमानीच्या बिया फोडून भिजवायला सांगणारे व्हिडिओ आहेत. त्या बियांत अ‍ॅमिग्डालिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कारखान्यात ते तपासून काढतात, आपल्या ओट्यावर तपासायला काही नाही. आमारेत्तो मी विकतचीच घेते, नाहीतर ते पेयच करत नाही.

सध्या ओट्याखाली जी बरणी आहे ती ‘लास्ट वर्ड’साठी. डेट्रॉइट अ‍ॅथलेटिक क्लबचं शंभर वर्षांपूर्वीचं पेय. जिन, हिरवी शार्त्रूझ, माराश्चिनो (चेरीचं लिक्युअर) आणि लिंबू, चारही सारख्या मापाने. मधल्या काळात लोक ते विसरून गेले होते, 2004 च्या सुमारास सिएटलच्या एका बारटेंडरने पुन्हा चालू केलं. हिरवी शार्त्रूझ फ्रान्सचे कार्थुसियन साधू करतात, 130 वनस्पती घालून, 55 टक्क्यांची. आपण प्रार्थनेला वेळ देणार, उत्पादन वाढवणार नाही, असं त्यांचं धोरण 2023 मध्ये जाहीर झालं आणि जगभर टंचाई झाली. जिथे न्यूयॉर्कवाल्यांना मिळत नाही तिथे इंदुराला कोण विचारतो.

130 वनस्पती कुठून आणणार? अंगणातली तुळस, पुदिना, बडीशेप, वेलची, जायपत्रीचं एक पाकळीभर. पहिल्या दिवशी रंग असा काही पाचूसारखा आला की फोटो काढून सगळ्यांना पाठवला. चौथ्या दिवशी तो शेवाळी होता, आठवड्याने थेट खाकी. घरच्या अर्कात हरितद्रव्य फार दिवस टिकत नाही. रंगाचा नाद सोडला. 55 टक्क्यांची धार 42.8 च्या व्होडकातून येणं शक्यच नाही, म्हणून जिन 30 केली आणि बाकी तिन्ही 20. माराश्चिनोही नव्हती, तिथे संत्र्याचं लिक्युअर घातलं. चारातले दोन घटक बदलल्यावर त्याला लास्ट वर्ड म्हणणं म्हणजे त्या साधूंचा अपमान, म्हणून बरणीवर मी नुसतं ‘हिरवं’ लिहिलंय, खाकी असलं तरी. पेय म्हणून ते झकास आहे. आधी लिंबू, मग जायपत्री, मग गारवा. जाऊबाईंनी स्वतःहून दुसरा ग्लास मागितला, आणि त्या सहसा मागत नाहीत. तुळस जरा जास्त झाली आहे, शेवटी लवंगेसारखी झणझण राहते. पुढच्या घाण्याला ती निम्मी करीन आणि वेलचीचे दाणे दोनच घालीन.